मागणीबरहुकूम फर्निचर : नव्या कार्यशाळेसाठी यंत्रांची निवड

(पंचायत समिती सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक आणि उद्योग खात्यातील कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर.)



आजच्या व्याख्यानाचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. सुतारकामाच्या यंत्रांविषयी बोलावयाचे तर ते सुतारांपुढे बोलावे, येथे त्याचे काय प्रयोजन, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु नवी कार्यशाळा काढू पाहणारा तरुण प्रथम आपल्याच दारी येतो. जागेच्या नाहरकत दाखल्यासाठी तो ग्रामपंचायतीकडे येतो, कर्जप्रकरणासाठी जिल्हा उद्योग केंद्रात जातो आणि अर्ज कसा भरावा हे विचारावयास आपल्या जुन्या गुरुजींकडे जातो. त्याच्या अर्जासोबत यंत्रविक्रेत्याचे एक दरपत्रक जोडलेले असते. त्या एका कागदावर पुढील पाच वर्षांचे हप्ते, घराचे तारण आणि दोन-चार कारागिरांची रोजी अवलंबून असते. तो कागद आपण सर्वजण मोजतो, त्यावर शिक्के मारतो. पण तो वाचीत मात्र कोणी नाही. तो कसा वाचावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

गावगाड्यात सुताराचे काम नांगर, पाभर आणि बैलगाडी यांच्याशी बांधलेले होते. ते काम आता बहुतांशी संपले. परंतु तालुक्याच्या गावी नवी घरे उभी राहत आहेत, त्यांना दारे, कपाटे, ओटे, पलंग लागतात आणि ही कामे घराच्या मापाने करून घेण्याकडे लोकांचा कल आहे. मुंबई-पुण्याच्या इमारतींत आठ-दहा वर्षे सुतारकाम केलेला आणि आता गावी परतू इच्छिणारा कारागीर हे काम उत्तम करू शकतो. त्याच्या हातात कौशल्य असते. यंत्राच्या निवडीचा अनुभव मात्र बहुधा नसतो, कारण तोपर्यंत त्याने मालकाच्याच यंत्रावर काम केलेले असते.

आधी माल, मग यंत्र

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी एक नवी कार्यशाळा पाहिली. शेडची रुंदी अठरा फूट. तीत सरकत्या टेबलाची मोठी करवत बसविलेली होती. अशा करवतीचे टेबल सुमारे ३,२०० मिलिमीटर सरकते. म्हणजे टेबलाची पुढची व मागची धाव धरून तिला एका रेषेत साडेसहा ते सात मीटर मोकळी जागा लागते. अठरा फूट म्हणजे साडेपाच मीटर. टेबल अर्ध्यावर जाऊन भिंतीला टेकत असे आणि आठ फुटी पाट अंगणात नेऊन हातकरवतीने कापावा लागत असे. याहून मोठी अडचण पुढेच होती. गावातील मागणी होती सागवानी दारांची आणि जेवणाच्या टेबलांची. आणि कार्यशाळेत रंध्याचे यंत्रच नव्हते! मालक मेहनती होता, हात सुबक होता. दरपत्रक मात्र विक्रेत्याने त्याच्याजवळ शिल्लक असलेल्या मालावरून तयार केले होते.

म्हणून अर्जदाराला पहिला प्रश्न विचारावा तो हा : पुढील वर्षभरात कोणत्या दहा वस्तू तुझ्याकडून लोक घेतील? त्या वस्तू घन लाकडाच्या असतील, की प्लायवुड, ब्लॉकबोर्ड, एम.डी.एफ. यांसारख्या पाटांच्या असतील? या दोन वाटा यंत्रांच्या दृष्टीने अगदी भिन्न आहेत. दोन्ही कामे करणार असे उत्तर हमखास येते. त्यावर पुन्हा विचारावे की, यांपैकी पोट कशावर भरणार? पहिल्या भांडवलाने एकच वाट पुरी बांधावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

घन लाकडाची वाट

लाकूड घन असेल तर सर्व काम सपाट पृष्ठभागापासून सुरू होते. वखारीतून आणलेली फळी सरळ दिसली तरी सरळ नसते. ती थोडी वाकलेली, थोडी पिळलेली असते. येथे दोन यंत्रांमधील फरक समजून घेतला पाहिजे, कारण दरपत्रकात नेमकी येथेच गल्लत होते. पृष्ठभाग रंधण्याचे यंत्र फळीची एक बाजू सपाट करते आणि तिच्या लगतची कड काटकोनात आणते. जाडी काढण्याचे यंत्र त्या सपाट बाजूवर भरवसा ठेवून समोरची बाजू तिच्याशी समांतर करते. पहिले यंत्र न घेता केवळ दुसरेच घेतले तर काय होते? जाडी काढणाऱ्या यंत्राचे रूळ वाकडी फळी दाबून सरळ करतात, पाती तिच्यावरून फिरतात आणि फळी बाहेर पडताच पुन्हा आपल्या मूळ वाकात जाते. जाडी सर्वत्र सारखी मिळते, वाक मात्र कायम राहतो. अशा फळ्यांच्या दाराची झडप चौकटीत कधीही नीट बसत नाही.

लहान कार्यशाळेस ही दोन्ही कामे करणारे जोडयंत्र पुरेसे आहे. बारा इंच रुंदीचे यंत्र दारांच्या व टेबलांच्या बहुतेक कामांस चालते. त्याच्या पात्यांचा दंडगोल गोल आहे की चौकोनी, हे डोळ्यांनी पाहावे. जुन्या धर्तीच्या चौकोनी दंडाच्या यंत्रात दंड आणि टेबल यांमध्ये मोठी फट राहते; बोट आत ओढले गेले तर नुसत्या जखमेवर भागत नाही. तसले यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये.

रंध्याच्या सफाईचा हिशेब शाळेतील मुलांनाही करता येईल. दंडावर दोन पाती आहेत आणि तो मिनिटास ४,५०० फेरे घेतो, तर मिनिटाला ९,००० काप पडतात. फळी मिनिटास ९ मीटर वेगाने पुढे सरकत असेल, तर प्रत्येक मिलिमीटरला एक काप पडतो. पात्यांची संख्या चार केली की काप अर्ध्या मिलिमीटरवर येतात आणि पुढे घासकागदाचे काम बरेच कमी होते. विक्रेता अश्वशक्ती सांगतो. आपण त्याला फेरे, पाती आणि सरकण्याचा वेग विचारावा.

त्यानंतर येतो सांधा. साल-कुसवाचा सांधा हा आपल्या सुतारकामाचा कणा आहे. दाराच्या चौकटी आणि टेबलाचे पाय यांची साल हाताने पटाशीने पाडता येते, परंतु दिवसाला पाच-सहाच्या वर दारे करावयाची तर चौकोनी पटाशीचे अथवा साखळीचे साल पाडण्याचे यंत्र आपली किंमत लवकर वसूल करून देते. आडव्या छिद्रांचे यंत्र, कातकामाचे यंत्र, नक्षीच्या कडा काढणारे उभ्या दंडाचे यंत्र ही सारी नंतरची गोष्ट आहे. हातातले राऊटर यंत्र आणि दोन-तीन चांगले साचे यांवर पहिली दोन वर्षे निभावतात.

लाकडाबरोबर ओलावाही येतो. घरात ठेवावयाच्या फर्निचरचे लाकूड साधारण १० ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेले असावे. याचा अर्थ असा की, पूर्ण कोरड्या लाकडाचे वजन १०० धरले, तर त्यातील पाण्याचे वजन १० ते १२ असावे. कोकणातील पावसाळा आणि विदर्भातील मे महिना यांत हवेच्या कोरडेपणाचे मोठे अंतर आहे. रत्नागिरीत श्रावणात जोडलेले टेबल चंद्रपूरला वैशाखात नेले तर त्याच्या फळ्या आक्रसणारच. हा दोष सुताराच्या हाताचा नसतो. लाकूड न मोजता घेतल्याचा असतो. ओलावा मोजण्याचे लहान उपकरण काही हजार रुपयांत मिळते. लक्षावधी रुपयांच्या दरपत्रकात मी ते क्वचितच पाहिले आहे. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, हवा खेळती ठेवून थप्पी रचण्यासाठी छपराखालची जागा आराखड्यात दाखविलेली असावी. नसेल तर अर्ज परत करण्यास मी मागेपुढे पाहणार नाही. शाळांचे बाक पहिल्याच उन्हाळ्यात फाटतात, हे शिक्षक मित्रांना मी सांगावयास नको.

पाटांची वाट

पाटांच्या कामात वाक काढावयाचा नसतो; तेथे अचूक काटकोन आणि स्वच्छ कड यांना महत्त्व असते. प्रमाण पाट ८ फूट बाय ४ फुटांचा, म्हणजे २,४४० बाय १,२२० मिलिमीटरचा असतो. सनमायका लावलेला पाट साध्या करवतीवर कापला की खालच्या बाजूचे टवके उडतात. सरकत्या टेबलाच्या करवतीत मुख्य पात्याच्या पुढे एक लहान पाते उलट दिशेने फिरून खालच्या पृष्ठावर आधीच बारीक खाच पाडते, म्हणून कड स्वच्छ येते. अशी सरकत्या टेबलाची करवत विल्हेल्म आल्टेनडोर्फ या जर्मन कारागिराने १९०६ साली प्रथम तयार केली. आज तिचे अनुकरण जगभर होते, आपल्या देशातही अशी यंत्रे तयार होतात.

पण ही करवत स्वतःची हवीच काय? येथे थोडा हिशेब मांडू. समजा, यंत्र ४ लाख रुपयांचे आहे आणि कर्ज ११ टक्के व्याजाने ५ वर्षांचे आहे. मासिक हप्ता सुमारे ८,७०० रुपये पडतो. महिन्याचे २५ कामाचे दिवस धरून यंत्र रोज २ तास चालले, तर केवळ हप्त्यापोटी ताशी १७४ रुपये लागतात. तेच यंत्र रोज ६ तास चालले तर ताशी ५८ रुपये. यंत्र तेच, कर्ज तेच. तिप्पट अंतर पडते ते कामाच्या तासांमुळे. मोठ्या शहरांत आणि काही तालुक्यांच्या गावीही पाट कापून देणारे व कडेला पट्टी लावून देणारे कारखाने मजुरीवर काम करतात. जवळपास अशी सोय असेल, तर नव्या कार्यशाळेने पहिले वर्ष पाट तेथून कापून आणावेत आणि आपले भांडवल जोडणी, बसवणी व गिऱ्हाइकांची उधारी सांभाळण्यासाठी ठेवावे. महिन्याची मजुरीची बिले हप्त्याच्या दीडपट होऊ लागली की करवत घ्यावी. ही दीडपट माझ्या अनुभवाची आहे; ती शास्त्र म्हणून घेऊ नये.

कडेची पट्टी लावण्याच्या यंत्राचेही तसेच. झाकल्या बिजागरीसाठी ३५ मिलिमीटर व्यासाचे भोक पाडणारे साधे उभे गिरमिट मात्र पहिल्या दिवसापासून हवे. स्वयंपाकघरातील कपाटांची दारे त्यावाचून बसत नाहीत.

संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या सी.एन.सी. राऊटरविषयी मला वारंवार विचारले जाते. हे यंत्र उत्तम आहे. परंतु ते चालविण्याआधी कोणीतरी संगणकावर नकाशा काढावयास हवा, आणि तो कारागीर सोडून गेला तर यंत्र झाकून ठेवावे लागते. दरवाजांवर नक्षी कोरून देण्याची भरपूर मागणी असलेल्या शहरात ते शोभते. पहिल्या कर्जात ते मागणाऱ्या अर्जदाराला नकाशा कोण काढणार, एवढेच विचारावे. नाव सांगता आले, तर प्रकरण पुढे चालवावे.

वीज आणि जागा

यंत्राच्या माहितीपत्रकातील एक ओळ ग्रामीण भागात सर्वांत महाग पडते, ती म्हणजे थ्री फेज. आपल्या राज्यात अनेक ठिकाणी गावठाणाची वाहिनी आणि शेतीची वाहिनी स्वतंत्र केलेली आहे. शेतीच्या वाहिनीवर थ्री फेज पुरवठा काही तासांपुरता आणि पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळतो. शेताच्या कडेला स्वस्त जागा मिळाली म्हणून शेड उभारणाऱ्याने प्रथम वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात जाऊन आपल्या जागेवर कोणत्या वाहिनीची जोडणी मिळेल, हे लेखी घ्यावे. रात्री दीड वाजता येणाऱ्या विजेवर रंधा चालविता येत नाही.

भाराचा अंदाजही नीट करावा. समजा, करवत साडेसहा अश्वशक्तीची, रंध्याचे यंत्र तीन, जाडी काढण्याचे पाच, भुसा ओढण्याचा पंखा तीन आणि हवेचा कॉम्प्रेसर दोन अश्वशक्तीचा आहे. बेरीज साडेएकोणीस, म्हणजे साडेचौदा किलोवॅट. पण दोन माणसांच्या कार्यशाळेत ही सर्व यंत्रे एकाच वेळी चालत नाहीत. करवत, पंखा आणि कॉम्प्रेसर एकदम चालले तर साडेअकरा अश्वशक्ती, म्हणजे साडेआठ किलोवॅटच्या आसपास भार येतो. मंजूर भार ठरविताना हा फरक लक्षात घ्यावा, पण मोटार सुरू होताना ती नेहमीच्या सहापट वीजप्रवाह खेचू शकते हेही विसरू नये. मोठ्या मोटारीस स्टार-डेल्टा स्टार्टर हवा. एक फेज गेल्यास मोटार बंद पाडणारे संरक्षक उपकरण प्रत्येक थ्री फेज यंत्रास असावे; ते नसल्याने एका पावसाळ्यात दोन-दोन मोटारी जळालेल्या मी पाहिल्या आहेत. बाहेरच्या दुरुस्तीनंतर फेजांचा क्रम बदलला की मोटार उलटी फिरते. म्हणून वीज परत आल्यावर पात्याची दिशा पाहूनच लाकूड लावावे.

भुसा, बोटे आणि परवाना

लाकडाची बारीक धूळ ही केवळ अस्वच्छता नव्हे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली तिचा समावेश माणसात कर्करोग घडवून आणणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. नाकाच्या पोकळीतील कर्करोगाशी तिचा संबंध आहे. भुसा ओढण्याचा पंखा ही चैन समजून दरपत्रकातून कापली जाणारी पहिली बाब असते. ती कापू देऊ नये. नळीतून भुसा वाहून नेण्यास हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर लागतो. १०० मिलिमीटरच्या एका नळीसाठी हे ताशी ५६५ घनमीटर हवेएवढे होते. विक्रेता जी क्षमता सांगतो, ती बहुधा नळी न जोडता मोजलेली असते. लांब, वळणावळणाच्या नळीच्या टोकाशी ती बरीच घटते. पंखा यंत्राच्या जवळ, नळी आखूड आणि वळणे थोडी, एवढे पाळले की लहान पंखाही चांगले काम देतो.

करवतीचे ३०० मिलिमीटर व्यासाचे पाते ४,५०० फेऱ्यांनी फिरते, तेव्हा त्याचे दात सेकंदाला ७० मीटर वेगाने धावतात. ताशी सुमारे २५० किलोमीटर! लाकूड पात्यामागे चिमटले की ते त्याच वेगाच्या जोराने कामगाराच्या पोटाकडे उलटे फेकले जाते. हे टाळण्यासाठी पात्याच्या मागे त्याच्याच रेषेत एक पोलादी पट्टी उभी असते. ती आणि वरचे झाकण ही दोन्ही यंत्रासोबत आली पाहिजेत, तसे दरपत्रकात लिहून घ्यावे. अनेक कार्यशाळांत ती काढून कोपऱ्यात ठेवलेली आढळतात. कारण विचारले तर काम अडते असे सांगतात. एका उजव्या हाताची चार बोटे गेलेला कारागीर आज काय करतो, हे त्याच्या घरच्यांना विचारावे. कामगारांची संख्या थोडी म्हणून एखाद्या शेडला कारखान्यांचा कायदा लागू होत नसेल. पाते तो भेद करीत नाही.

परवान्याविषयी पंचायत सदस्यांनी विशेष दक्ष राहावे. ओंडके चिरणारी पट्टा-करवत म्हणजे आरागिरणीचे यंत्र होय. वनांविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ पासूनच्या आदेशांनंतर आरागिरण्यांवर कडक नियंत्रण आले आणि केंद्र सरकारने २०१६ साली लाकडावर आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पट्टा-करवत किंवा मोठ्या व्यासाची गोल करवत दरपत्रकात दिसली, तर नाहरकत दाखला देण्यापूर्वी अर्जदारास उपवनसंरक्षकांच्या कार्यालयाचे लेखी उत्तर आणावयास सांगावे. यंत्र येऊन पडल्यावर ते सील होणे हे कर्जदाराला परवडत नाही. चिरलेले लाकूड वखारीतून पावतीसह विकत घेणे, हा लहान कार्यशाळेस सरळ मार्ग आहे. त्या पावत्या जपून ठेवाव्यात.

खरेदीची पायरी

योजनांविषयी आपणांस माझ्यापेक्षा अधिक माहिती आहे, म्हणून फार बोलत नाही. २०२३ साली सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश झाला. तीत हत्यारांच्या संचासाठी १५,००० रुपयांचे साहाय्य आणि दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज ठेवण्यात आले. पहिला टप्पा १ लाखाचा आहे. ही रचना मला योग्य वाटते. लाखाच्या टप्प्यात जोडयंत्र, हातातली यंत्रे आणि ओलावा मोजण्याचे उपकरण यांतून सुरुवात करता येते आणि दुसऱ्या टप्प्यापूर्वी कारागिराला आपल्या कामाचा ओघ कळलेला असतो. मोठ्या कर्जप्रकरणात मात्र सारी रक्कम यंत्रांवर खर्ची घातलेली दिसते. पात्यांना धार लावण्याचा खर्च, दुसरा पात्यांचा संच, शिकंजे, डिंक, दोन महिन्यांचे लाकूड यांसाठी काहीच उरत नाही. कार्बाइड पात्याला धार लावून देणारा जवळचा कारागीर कोठे आहे, हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो. तो १०० किलोमीटरवर असेल, तर पात्यांचे दोन नव्हे, तीन संच लागतील.

जुने यंत्र घेण्यास माझी हरकत नाही. जड ओतीव लोखंडाचे वीस वर्षांचे यंत्र नव्या पत्र्याच्या यंत्रापेक्षा पुष्कळदा सरस असते. मात्र ते चालू स्थितीत पाहावे. पट्टा काढून दंड हाताने हलवून पाहावा. खडखड लागली तर बेअरिंग गेलेले आहे. टेबलावर सरळ पोलादी पट्टी कर्णरेषेत ठेवून खालून उजेड येतो का पाहावे. करवत असेल, तर एक मोठा पाट चारही बाजूंनी कापून त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे आले की काटकोन खरा. यास गुण्या आणि मोजपट्टी एवढेच लागते. कर्जप्रकरणाची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यालाही ही परीक्षा स्वतः करता येईल. दहा मिनिटांचे काम आहे.

नव्या यंत्राचीही हीच परीक्षा घ्यावी, आणि ती विक्रेत्याच्या दुकानात नव्हे, तर आपल्या शेडमध्ये, आपल्या विजेवर, आपल्या लाकडावर घ्यावी. दरपत्रकात तशी अट घालून शेवटची दहा टक्के रक्कम परीक्षा होईपर्यंत राखून ठेवावी. बँकेने विक्रेत्याच्या नावे संपूर्ण रकमेचा धनादेश एकदम दिला, तर यंत्र बसविण्यास येणारा माणूस पुढे दोन महिने फोन उचलीत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. अट मान्य करण्यास विक्रेते प्रथम कुरकुरतात. तीन दुकानांची दरपत्रके समोर ठेवली की त्यांपैकी एक तरी मान्य करतो.

आता समोरच्या फळ्यावर वीस बाय तीस फुटांच्या शेडचा आराखडा काढलेला आहे. दार कोठे ठेवावे आणि फळ्यांची थप्पी कोठे रचावी, यावर आपल्या सूचना ऐकावयास मी उत्सुक आहे.